‘आहे’ गाळणारी मुलगी

हेमांगी पहिल्यांदा माझ्या दुकानात आली ती बडबडतच आली. करोना ओसरून शाळा पुन्हा धड भरायला लागल्या होत्या, त्या जूनमधली गोष्ट. पिंप्राळ्यात माझं शिवणाचं दुकान. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. वर्षभर पिको-फॉल आणि ब्लाऊज, जून-जुलैत शाळेचे गणवेश. शेजारच्या सारिकाने ही अकरा वर्षांची पोर माझ्यापुढे आणून उभी केली.

"सुलक्षणाताई, ही आमच्या ह्यांच्या मोठ्या भावाची मुलगी. दोंडाईच्याजवळ गाव आहे. तिथली शाळा पाचवीपर्यंतच. हुशार आहे म्हणून ह्यांनी इकडे आणलं. दोन गणवेश शिवा."

मी टेप लावेपर्यंत पोरीने दुकान पालथं घातलं. "मावशी, हाई काय शे? हाई चाक कसं फिरस?" अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, आणि ही पोर 'शे'चा नुसता पाऊस पाडत होती. माझं माहेर यावलकडचं. आमची बोली आणखी वेगळी, ती मी लग्नानंतर माहेरच्या एस.टी.त बसल्याशिवाय तोंडातून काढत नाही. त्यामुळे मला तिचं ते मोकळं बोलणं ऐकून हसू आलं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

माप घेताना तिने आईचं सगळं सांगून टाकलं. आई बेबाबाई, मिरचीच्या शेडमध्ये देठ खुडायला जाते. वडील सुकदेव सुरतेला कापडाच्या कारखान्यात, दिवाळीला आणि अक्षय्यतृतीयेला येतात. आई भारी लाजाळू. डॉक्टरकडे गेली तरी तोंड उघडत नाही. मग हीच आठ वर्षांची असताना आईचा पदर धरून दोंडाईच्याच्या दवाखान्यात शिरली आणि डॉक्टरला म्हणाली, "मनी मायनं पोट दुखस. ती लाजस. माले इचारा." डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले आणि त्यांनी खरंच सगळं हिलाच विचारलं. तिने मला ते डॉक्टरच्या आवाजात करून दाखवलं.

वाढत्या अंगाच्या मुलींच्या गणवेशात आम्ही शिवणीत जादा कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. पुढच्या वर्षी पोर भरली की उसवायचं आणि सैल करायचं. हेमांगीच्या खांद्यात मी चांगली दोन बोटं माया सोडली. छाती पुढे काढून उभी राहणारी पोर होती, मला वाटलं ही झपाट्याने वाढणार.

शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात ते झालं, मला कळलं फार उशिरा. विज्ञानाच्या बाईंनी टेबलावर काचेचा ग्लास ठेवला आणि विचारलं, "यात काय आहे?" हेमांगीचा हात सगळ्यांच्या आधी वर. उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "पानी शे!"

वर्ग हसला. मुलं हसणारच, मुलांचं काय घेऊन बसलात. पण बाई म्हणाल्या, "शे? अगंबाई, शेळी आली वाटतं आपल्या वर्गात!" बाई काही दुष्ट नव्हत्या. दर दिवाळीला माझ्याकडे ब्लाऊज टाकायच्या, बोलायला गोड. त्यांनी गंमत केली आणि फळ्याकडे वळल्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या लक्षातही राहिलं नसेल. मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव, ही म्हण त्यांनी याच वर्गात शिकवली असेल कदाचित.

मागच्या बाकावरून कुणीतरी बें-बें केलं. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी केलं. त्या दिवसापासून ती शेळी झाली.

आता याच वर्गातला रोनक. त्याचे वडील ज्ञानचंदशेठ यांचं कापडाचं दुकान, गणवेशाचं कापड मी त्यांच्याकडूनच आणते. घरी मारवाडी बोलतात, त्यामुळे रोनकची मराठी अजब. "माझा नाव रोनक," "मला भूक लागला," असं बिनधास्त बोलतो. आणि त्याच बाई त्याला म्हणतात, "छान, रोनक, बस." वर्गातले पंखे शेठजींनी दिलेले. पोराचा त्यात काही दोष नाही, गोड पोरगा आहे. घरी चुकीचं बोलला की त्याची आई कुसुमलता हसत त्याचे गाल ओढते, आणि तो आणखी मोठ्याने चुकतो. पुढे तो वक्तृत्व स्पर्धेत उभा राहिला आणि बक्षीसही घेऊन आला. मी काही शिकलेली बाई नाही, पण एवढं मला कळतं, की आत्मविश्वास कुणी जन्माला येताना पोटातून घेऊन येत नाही. तो लोक देतात, आणि लोकच काढून घेतात. कुणाला द्यायचा हेही ते आधी बघून घेतात.

पुढच्या जूनमध्ये हेमांगी मापाला आली तेव्हा मी टेप दोनदा लावला. उंची वाढली होती. खांदा होता तेवढाच. पोरगी पाठीला पोक काढून उभी होती, हात पोटाशी.

"सरळ उभी राहा गं. कितवीत आहेस आता?"

"सातवीत."

"काकू घरात आहे का?"

"बाजारात गेली."

"आणि तुझी तब्येत? रोडावलीस किती!"

"चांगली."

मला वाटलं शिष्ट झाली. सारिकाही तेच म्हणायची, "गावाकडून आली तेव्हा तोंडाला फेस येईस्तोवर बोलायची, आता एका शब्दात तोडते. शाळेतली हवा लागली." शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'अबोल' असं यायचं. वर्गातल्या मुली तिला गर्विष्ठ म्हणायच्या. लेखी परीक्षेत मार्क बरे, तोंडी परीक्षेत भोपळा.

मग ती संध्याकाळची माझ्याकडे येऊन बसायला लागली. सारिकाचा मुलगा अखिल लहान, घरात दंगा, म्हणून हिला अभ्यासाला माझी खोली बरी पडायची. अभ्यास झाला की मला हुक-काजांना मदत करायची, तुरपाई करायची. हात सुंदर. बसल्या-बसल्या माझ्या लक्षात आलं, की ही मुलगी कमी बोलत नाही, ही एक शब्द चुकवून बोलते. 'आहे' म्हणतच नाही. 'मला ताप आहे' असं कुणीही म्हणेल, ही म्हणायची, "अंग तापलं." 'दोरा संपला आहे' नाही, "दोरा संपला." जिथे 'आहे'वाचून गत्यंतरच नाही तिथे मान हलवायची, नाहीतर गप्प बसायची. 'नाही'सुद्धा टाळायची, कारण तिथे 'नही' येण्याची धास्ती.

एकदा मी मशीन थांबवून म्हटलं, "हेमांगी, 'आहे' म्हण बघू."

तिचा चेहरा उतरला. ओठ हलले. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मावशी, 'आ' करायला तोंड उघडलं की मागून ते दुसरंच बाहेर येतं."

मला इतका संताप आला की हातातली कात्री मी टेबलावर आपटली. ज्या पोरीने आठव्या वर्षी डॉक्टरला 'माले इचारा' म्हणून ठणकावलं, ती एका दोन अक्षरी शब्दाला भिऊन वाक्यांच्या आडून चालत होती. आणि जगाला वाटत होतं, पोरगी शिष्ट.

बेबाबाई वर्षातून एकदा-दोनदा यायची. एका शनिवारी, सकाळची शाळा होती तेव्हा, ती परस्पर शाळेच्या फाटकावर गेली. हातात पिशवी, पिशवीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचं पुडकं आणि पोरीसाठी तिळाचे लाडू. मी ज्ञानचंदशेठकडून कापड घेऊन तिथूनच येत होते. शाळा सुटली आणि बेबाबाईने लांबूनच हाक मारली, "हेमे! व हेमे! आठे शे मी!"

मुलांनी एकदम बें-बें सुरू केलं. "शेळीची आई आली, शेळीची आई!"

हेमांगी आईच्या अंगावरून सरळ निघून गेली. पळाली नाही, मागे वळली नाही. एखादं दुकान ओलांडून जावं तशी आईला ओलांडून गेली. बेबाबाईचा वर केलेला हात तसाच राहिला. मग तिने तो हळूच खाली घेऊन पदर सारखा केला.

दुपारी ती माझ्या दुकानात आली. दारातच टेकली. मी आत ये म्हटलं, तरी आली नाही. मिरचीने भाजून भाजून बोटांची कातडी पार गेलेली.

"बाई," ती म्हणाली, "माले ते तुमनं 'आहे' शिकाडा."

"कशाला गं? चांगलं बोलतेस की."

"पोरले लाज वाटस. तिनी काय चूक शे? मनीच जीभ गावनी."

मी शिकवलं. कुणी म्हणेल नको शिकवायला हवं होतंस. मला तसं आजही वाटत नाही. एक आई मागायला आली होती आणि माझ्याजवळ ते होतं. आम्ही दोघींनी मिळून एक वाक्य ठरवलं, फोनवर पोरीशी बोलायला पुरेल असं: "मी बरी आहे. तू अभ्यास कर." ती दाराशी बसून ते घोकत राहिली. 'आहे'ला अडखळायची, हसायची, पुन्हा म्हणायची. गाडीची वेळ होईपर्यंत तिला ते साफ आलं. जाताना मला लाडू देऊन गेली.

त्यानंतर फोन आला की आधीसारखं "काय व हेमे, जेवनी का?" यायचं बंद झालं. सारिकाला कामात फोन स्पीकरवर ठेवायची सवय, त्यामुळे सगळ्या घराला ऐकू जायचं: "मी बरी आहे. तू अभ्यास कर." हेमांगी म्हणायची, "बरं." फोन बंद. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेमांगी चपापली होती, मग तिला बरंच वाटलं असावं. निदान स्पीकरची भीती गेली. सारिकालाही वाटलं, जाऊबाई सुधारल्या. माझ्या मनात मात्र एक गोष्ट खुपत राहिली. त्या बाईकडे शुद्ध मराठीचं एवढं एकच वाक्य होतं. दुसरं काही सांगायचं असेल तर ते ती कशात सांगणार?

हेमांगी नववीत होती तेव्हाची गोष्ट. जानेवारी संपत आला होता, शाळेच्या गॅदरिंगची धामधूम. माझं दुकान मुलींनी भरलेलं. रिद्धी, मुस्कान, आणखी चार-पाच जणी, घागऱ्यांची मापं, आरशात गिरक्या. हेमांगी नाचात नव्हतीच. ती कोपऱ्यात बसून त्यांच्या घागऱ्यांना तुरपाई करत होती. तेवढ्यात सारिकाने अखिलच्या हाती फोन पाठवला. अखिलने येता-येताच स्पीकर लावलेला.

"हेमे," बेबाबाईचा आवाज आला. बारीक, दम लागलेला. "हेमे, माले..."

रिद्धी कशाला तरी खिदळली. आईच्या बोलण्याला नाही हो, तिच्या ओढणीत मुस्कानचा पाय अडकला होता म्हणून. पण फोनच्या त्या टोकाला ते कसं कळणार? तिकडे आवाज थांबला. मग अगदी स्वच्छ, घोकलेल्या सुरात:

"मी बरी आहे. तू अभ्यास कर."

हेमांगीने सुई थांबवली होती. ती फोनकडे बघत राहिली. मी म्हटलं, "विचार गं तिला, काय म्हणत होती." हेमांगीने आजूबाजूच्या मुलींकडे पाहिलं. विचारायचं तर 'माय, काय व्हयनं' हेच तोंडात येणार, तेही सगळ्यांसमोर.

"बरं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावातून लोटनआबांचा फोन आला, बेबाबाईच्या शेजारचे ते. बाई शेडमध्ये चक्कर येऊन पडली होती. पोटात दुखत असताना कित्येक दिवस ओव्याचं पाणी पिऊन कामावर जात होती, बोलली कुणालाच नाही. दोंडाईच्याच्या डॉक्टरने हात लावला आणि धुळ्याला न्यायला सांगितलं. सुकदेवला सुरतेहून यायला रात्र होणार होती. हेमांगीचा काका भूपेंद्र दालमिलमधून तसाच निघाला, मित्राची गाडी घेतली. सारिका मला म्हणाली, "ताई, तुम्ही जा सोबत. पोरगी तुमच्याजवळच काय ते बोलते."

पारोळा गेलं, मुकटी गेलं, हेमांगी खिडकीबाहेर बघत होती. एकदाच तिने मला विचारलं, "मावशी, काल काय सांगायचं असेल तिला?" मला ते तिच्याइतकंच ठाऊक होतं.

धुळ्याच्या दवाखान्यात बेबाबाईला नुकतंच आणलेलं होतं. स्ट्रेचरवर पडलेली, चेहरा पिठासारखा पांढरा, पोट फुगलेलं. तरुण डॉक्टर वाकून विचारत होते, "ताई, काय होतंय तुम्हाला? कुठे दुखतंय?"

बेबाबाईने डोळे उघडले. समोर पांढऱ्या कोटातला माणूस, शेजारी इस्त्रीच्या गणवेशातली आपली पोर. तिने ओठांवरून जीभ फिरवली आणि सगळा जीव गोळा करून म्हणाली, "मी बरी आहे."

डॉक्टरांनी गोंधळून आमच्याकडे पाहिलं.

आणि हेमांगी ओरडली. असा आवाज मी तिचा चार वर्षांत ऐकला नव्हता. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "नही! बरी नही शे ती! खोटं बोली राहिनी! ती लाजस, माले इचारा!"

डॉक्टर सरळ झाले. हसले नाहीत. ते याच मातीतले असावेत, कारण त्यांनी तिच्याच बोलीत विचारलं, "बरं पोरी, तू सांग. कोठे दुखस तिले? किती दिन व्हयनात? उलट्या व्हतीस का?"

हेमांगीने तोंड उघडलं. मग मिटलं. पुन्हा उघडलं. या वेळी शब्द अडला नव्हता हो. शब्द होते, बोली होती, विचारणारा तिचाच माणूस होता. पण सांगायला तिच्याकडे काही नव्हतं. आईला कुठे दुखतं, केव्हापासून दुखतं, रात्री झोप लागते की नाही, यातलं काहीएक तिला ठाऊक नव्हतं. कितीतरी महिने त्या दोघींमध्ये ते एकच वाक्य होतं. ती एकेकाची तोंडं बघत राहिली, माझं, काकाचं, डॉक्टरचं.

मग ती स्ट्रेचरवर वाकली. "माय," ती म्हणाली, "व माय, कोठे दुखस व तुले?"

बेबाबाईने तिच्याकडे पाहिलं. इकडेतिकडे पाहिलं, कुणी हसतंय का म्हणून. कुणी हसत नव्हतं. मग ती बोलायला लागली, तिच्या बोलीत, हळूहळू, आधी उजव्या कुशीत दुखायला लागलं ते, मग ताप, मग मिरचीच्या ठसक्याने खोकला आला की पोटात सुरी फिरवल्यासारखं व्हायचं ते. काल फोन कशाला केला तेही सांगितलं. भूपेंद्रभाऊला गाडी घेऊन पाठव, एवढंच म्हणायचं होतं. डॉक्टर ऐकता-ऐकता नर्सला खुणा करत होते. तिला आत नेईपर्यंत ती बोलतच होती.

अपेंडिक्स फुटून पोटात सगळीकडे पू झाला होता. ऑपरेशन केलं, पण त्याचा उपयोग झाला नाही. सुकदेव सुरतेहून पोचला तेव्हा तिला शुद्ध नव्हती. डॉक्टर बाहेर येऊन भूपेंद्रला म्हणाले, एक दिवस आधी आणलं असतं तर. हेमांगी तिथेच उभी होती. मोठ्या माणसांना काही गोष्टी मनात ठेवता का येत नाहीत, देव जाणे.

शाळेने शोकसभा घेतली. विज्ञानाच्या बाई माझ्याकडे ब्लाऊज घ्यायला आल्या तेव्हा हळहळल्या. "बिचारी. आधीच किती बुजरी मुलगी, आत्मविश्वास म्हणून नाहीच, आता आणखीच मिटून जाईल. आपण तिला बोलतं करायला हवं हो." मी त्यांचा ब्लाऊज घडी करून पिशवीत घातला. त्यांना 'पानी शे' आठवतही नव्हतं. सांगून काय उजेड पडणार होता? तरी मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, ती तर गंमत होती," आणि पदराने डोळे पुसले. त्यांचं रडणं खरं होतं. पण मला त्यांची दया आली नाही.

जून आला. दहावीचे गणवेश. हेमांगी मापाला आली तेव्हा रिद्धी आणि मुस्कान आधीच बसलेल्या होत्या. दोघींनी सरकून तिला जागा करून दिली. मी तिचा जुना गणवेश उसवायला घेतला. बाकी सगळीकडची माया वापरून संपली होती. खांद्यातली दोन बोटं मात्र मी सोडली होती तशीच, कोऱ्या कापडासारखी.

मी टेप तिच्या खांद्यावर ठेवला. तोंडातून सवयीने आपलं निघून गेलं, कुणालाही विचारतो तसं, "कशी आहेस गं?"

विचारलं आणि माझीच जीभ मला चावावीशी वाटली. कारण याचं उत्तर सगळं जग एकच देतं, आणि ते वाक्य या पोरीला कसं म्हणवणार होतं?

हेमांगीने मान वर केली. रिद्धीकडे पाहिलं, मुस्कानकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'बरी' म्हणाली नाही. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

"शे," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. मी टेपवरचा आकडा वाचला. खांदा होता तेवढाच होता. मी तो लिहून घेतला.